स्लीप ॲप्निया: मशीन कपाटावर गेलं, आता टिकाऊ उपाय कोणता?

घाटवाट
५ जुलै, रात्री ११:५२

मंडळी, वय ४७, वजन ८८, उंची पाच फूट सात. नाशिकला राहतो, कामासाठी आठवड्यातून दोनदा गाडीने पुण्याला जातो. तीन वर्षांपूर्वी बायकोने हट्टाने स्लीप स्टडी करायला लावली. एएचआय ४१ आला, म्हणजे झोपेत तासाला ४१ वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धामुर्धा होत होता. रक्तातला ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत खाली. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून झोपेत घसा उघडा ठेवणारं मशीन, लिहून दिलं, त्याच आठवड्यात ५८ हजारांचं मशीन घरी आलं. दुकानातल्या मुलाने दहा मिनिटांत मास्क बांधून दाखवला आणि गेला. त्यानंतर आजतागायत कुणीही विचारलेलं नाही की बाबा, जमतंय का.

आठ महिने लावलं. नाकाच्या दांडीवर जखम, सकाळी घसा कोरडा ठाक, पोटात हवा भरून ढेकरा. मग सर्दी झाली म्हणून चार दिवस काढून ठेवलं ते परत लावलंच नाही. दोन वर्षं झाली, बॅगेसकट कपाटावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी.

मागच्या शुक्रवारी पुण्याहून परतताना संगमनेरच्या पुढे डोळा लागला. कडेच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवर चाकं गेली आणि त्या खडखडाटाने जाग आली. शेजारी मुलगी झोपली होती. तिला काहीच कळलं नाही. गाडी बाजूला घेऊन मी वीस मिनिटं नुसता बसून राहिलो.

रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, तरी वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही.

तर प्रश्न असा, पुढची वीस-पंचवीस वर्षं निभेल असं काय आहे? ऑपरेशन, दातांत बसवायचं उपकरण, वजनाचं इंजेक्शन, ज्याने जे केलं असेल ते सांगा, आणि किती वर्षं टिकलं तेही सांगा. पहिल्या महिन्याचे अनुभव इंटरनेटवर ढिगाने आहेत, मला वर्षानंतरचे हवेत.

रानमेवा
६ जुलै, सकाळी ६:१५

उपाय ठरेपर्यंत गाडी चालवू नका. एसटी, शेअर टॅक्सी, काहीही. बाकी सगळं नंतर.

खानदेशी
६ जुलै, सकाळी ७:४०

माझा एएचआय २६ होता. मशीन घेतलंच नाही. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणं, संध्याकाळी सातला जेवण, दारू पूर्ण बंद, भ्रामरी आणि उज्जायी. दीड वर्षात १६ किलो उतरलो. आमच्या मंडळींच्या म्हणण्याप्रमाणे घोरणं बंद आहे. तीन वर्षं झाली. औषध नाही, मास्क नाही. मनावर घेतलंत तर तुम्हालाही जमेल.

शेवंती
६ जुलै, सकाळी ११:०५

खानदेशी, तुमचं अभिनंदन, पण ‘मनावर घेतलंत तर’ हे शब्द मला लागले. माझे यजमान सडपातळ आहेत, ६२ किलो. त्यांचा एएचआय ३४. जबडा लहान आणि मागे आहे, लठ्ठपणाचा काही संबंध नाही. निदान व्हायलाच सहा वर्षं गेली, कारण ज्याला त्याला वाटायचं की हा आजार जाड्या माणसांचा.

त्या सहा वर्षांत मी रात्री त्यांच्या छातीवर हात ठेवून झोपायची. घोरण्याचा त्रास नव्हता, घोरणं थांबलं की जाग यायची. मग मोजत बसायचं. अठरा, एकोणीस, वीस. तेवीस-चोवीसला एकदम मोठा हुंदका दिल्यासारखा आवाज, अंगाला झटका, आणि परत घोरणं सुरू. एकदा चाळिसाच्या वर गेले तेव्हा मी त्यांना ढकलून उठवलं होतं. सकाळी त्यांना यातलं काहीही आठवायचं नाही. ते म्हणायचे, मला तर पडल्या पडल्या झोप लागते.

घाटवाट, ज्या बाईने हट्टाने टेस्ट करायला लावली, तिला या दोन वर्षांत झोप लागली असेल का ते एकदा विचारा.

नाककानघसा
६ जुलै, रात्री १०:२०

मी याच विषयातला डॉक्टर आहे. इथे लिहितो ती सर्वसाधारण माहिती, तपासणीच्या जागी धरू नका.

घशाच्या वरच्या भागाला हाडाचा आधार नसतो. जागेपणी स्नायू ती नळी उघडी धरतात, झोपेत ते सैल पडतात. नळी मुळात अरुंद असेल, मग ती मानेच्या चरबीने असो, लहान जबड्याने असो की मोठ्या टॉन्सिलने, तर ती मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त हवा बंद राहिली की त्याला ॲप्निया म्हणतात. तासाला ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ४१ म्हणजे साडेसहा तासांच्या झोपेत अडीचशेच्या वर वेळा. प्रत्येक वेळी ऑक्सिजन पडतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवून अर्धवट जागा करतो, रक्तदाब उसळतो. दोन गोळ्यांना दाद न देणारं बीपी, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, सकाळी डोकं जड, हे सगळं त्याच घरातलं.

घाटवाट, तुमच्या पोस्टमध्ये मला सर्वात महत्त्वाची वाटलेली ओळ म्हणजे ‘त्यानंतर कुणीही विचारलेलं नाही’. तुमच्यावर उपाय फसला असं मी म्हणणार नाही, कारण तो नीट सुरूच झाला नव्हता. दांडीवर जखम म्हणजे मास्कचं माप किंवा प्रकार चुकला, किंवा पट्टे फार आवळले. घसा कोरडा म्हणजे तोंडाने हवा गळते किंवा हवेला ओल देणारा ह्युमिडिफायर चालू नाही. पोटात हवा म्हणजे बहुतेक दाब गरजेपेक्षा जास्त. तिन्हींना इलाज आहे. मशीनच्या कार्डमध्ये आठ महिन्यांची सगळी नोंद असेल. ते कार्ड घेऊन झोपेचं काम नियमित करणाऱ्या डॉक्टरकडे जा, आणि जाण्याआधी नाक तपासून घ्या. नाकाच्या ऑपरेशनने ॲप्निया सहसा बरा होत नाही, पण बंद नाकावर मास्क निभत नाही.

खानदेशी, १६ किलो उतरवणं ही मोठी गोष्ट आहे आणि वजनाचा फायदा खरा आहे. पण घोरणं बंद झालं ही चांगली खूण झाली, पुरावा नव्हे. वजन उतरल्यावर परत टेस्ट केली होती का?

खानदेशी
७ जुलै, सकाळी ६:५०

नाही केली. गरज वाटली नाही.

आडवाट
७ जुलै, दुपारी १:३०

मशीनचा एवढा पुरस्कार होतोय म्हणून लिहितो. २०१६ साली सेव्ह नावाचा मोठा अभ्यास आला होता, हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेले २,७०० च्या वर रुग्ण. सीपॅप लावणाऱ्यांना आणि न लावणाऱ्यांना पुढचे झटके साधारण सारखेच आले. मग आयुष्यभर नळी लावून झोपायचं कशासाठी? दर सहा महिन्यांनी मास्क, फिल्टर, नळी. विकणाऱ्यांची सोय आहे. २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने आतला आवाज-रोधक फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात म्हणून लाखो मशिनं परत बोलावली होती, हेही विसरू नये.

नाककानघसा
७ जुलै, रात्री ९:४५

आडवाट, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फोमच्या प्रकरणाने रुग्णांचा विश्वास गेला तो अजून पुरता परत आलेला नाही. पण सेव्हमधलं आणखी एक वाक्य वाचा: त्या रुग्णांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तास लावलं होतं. आपण सात तास झोपतो, आणि ॲप्नियाचा एक मोठा वाटा पहाटेच्या झोपेत असतो. शिवाय त्या अभ्यासात दिवसा फार झोप येणाऱ्यांना घेतलंच नव्हतं. जे आले त्यांचीही झोपाळू अवस्था आणि मनःस्थिती सुधारली. मी सीपॅपने हार्ट अटॅक टळेल असं वचन कुणाला देत नाही. गाडी चालवताना डोळा लागणार नाही, हे मात्र सांगू शकतो, लावलं तर.

कोकणकडा
८ जुलै, सकाळी १०:१०

दातांच्या उपकरणाबद्दल: पाच वर्षं वापरतोय. एएचआय १९ होता, मशीन तीन महिन्यांत सोडलं. दंतवैद्याने वरच्या आणि खालच्या दातांचे साचे घेऊन दोन पट्ट्या बनवल्या. खालची पट्टी जबडा काही मिलिमीटर पुढे ओढून धरते, त्याबरोबर जीभही पुढे येते आणि मागची वाट मोकळी राहते. एकदम पुढे ओढत नाहीत, दर आठवड्याला अर्धा मिलिमीटर असं करत नेलं.

पहिले दोन महिने सकाळी कानाजवळ ठणका. अजूनही उठल्यावर वीस मिनिटं दाढा एकमेकींवर बसत नाहीत, चहाबरोबर टोस्ट चावायला नको वाटतो. दंतवैद्याने एक छोटा ठोकळा दिलाय, तो रोज सकाळी चावून जबडा जागेवर आणायचा. पाच वर्षांत पुढचे दात किंचित सरकलेत, फोटो शेजारी ठेवले तर दिसतं. उपकरण घातलेलं असताना परत टेस्ट केली तेव्हा एएचआय ६. मला हा सौदा मान्य आहे. ४१ वाल्याला एवढ्यावर भागेल का, ते डॉक्टर सांगतील. आणि बाजारात गरम पाण्यात बुडवून चावायची स्वस्त पट्टी मिळते तिच्या नादी लागू नका, माझी पहिली तीच होती, हिरड्या सोलल्या.

पारंब्या
८ जुलै, दुपारी ४:००

ऑपरेशन मी केलंय, २०१७ ला. टॉन्सिल काढले, पडजीभ कापली, टाळूचा मागचा भाग आखडला. पंधरा दिवस गिळताना काचा गेल्यासारखं. दोन महिने पाणी घाईने प्यायलं तर नाकातून यायचं. वर्षभर छान गेलं, एएचआय ३८ वरून १४. मग हळूहळू वजन सात किलो वाढलं आणि चौथ्या वर्षी परत टेस्ट केली तर २९. आता मशीनच लावतो.

माझा राग ऑपरेशनवर नाही. ते करण्याआधी घसा नेमका कुठे मिटतो हे कुणी पाहिलंच नाही यावर आहे. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन दुर्बिणीतून पाहिलं, तर जिभेचं मूळ मागे पडत होतं. टाळू कापून ते कसं थांबणार? कुणी ऑपरेशन सुचवलं तर ही तपासणी आधी मागा.

नाककानघसा
८ जुलै, रात्री ११:०२

पारंब्या, अगदी बरोबर. त्या तपासणीशिवाय टाळूचं ऑपरेशन म्हणजे अंदाज.

मुक्काम_न्यूजर्सी
९ जुलै, सकाळी ५:३०

इथे जिभेच्या मज्जातंतूला चालना देणारं यंत्र बसवतात, २०१४ पासून मंजुरी आहे. मला बसवून चार वर्षं झाली. गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकरसारखी डबी, तिथून कातडीखालून वायर जिभेखालच्या नसेपर्यंत. झोपताना रिमोटने चालू करायचं. दर श्वासाला जीभ जराशी पुढे सरकते, पहिल्या रात्री फार विचित्र वाटलं, आता कळतही नाही. एएचआय ४४ वरून ११, शून्य नाही. बॅटरी साधारण दहा वर्षांनी बदलावी लागेल, म्हणजे परत एक छोटं ऑपरेशन. वजन जास्त असेल किंवा घसा चहूबाजूंनी मिटत असेल तर बसवत नाहीत. खर्च इतका की विम्याशिवाय मी विचारही केला नसता.

पण मला इथल्या व्यवस्थेतली एक साधी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मी आधी सीपॅप वापरायचो तेव्हा मशीनचा आकडा रोज आपोआप क्लिनिकला जायचा. विम्याची अट अशी की महिन्यातल्या ७० टक्के रात्री किमान चार तास लावलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी गळती जास्त दिसली तर क्लिनिकमधून फोन, ‘मास्क बदलून पाहू या’. घाटवाट यांना असा एक फोन आला असता तर मशीन कपाटावर गेलं नसतं.

दहीपोहे
९ जुलै, सकाळी ९:२०

शंखाचं कुणीच कसं बोललं नाही? जयपूरच्या डॉक्टरांनी अभ्यास केलाय, २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ॲप्नियाचे ३० जण, निम्म्यांना शंख, निम्म्यांना नुसतं दीर्घ श्वसन, सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस रोज पंधरा मिनिटं. शंखवाल्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि एएचआय तासाला चार-पाचने उतरला. त्याआधी २००६ मध्ये स्वित्झर्लंडला ऑस्ट्रेलियन आदिवासींचं लांब वाद्य वाजवायला लावून असाच प्रयोग झाला होता. घशाच्या स्नायूंची तालीमच ती.

फक्त घोरण्याची तक्रार घरात एकटीची असते, पहाटेच्या शंखाची अख्ख्या सोसायटीची होईल.

रानमेवा
९ जुलै, सकाळी ९:५५

आमच्या गावच्या देवळातले गुरव ८१ वर्षांचे आहेत, रोज दोन वेळा शंख. ओसरीवर दुपारी झोपतात तेव्हा श्वासाचा आवाजसुद्धा येत नाही. आता त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहीन. 🙂

नाककानघसा
९ जुलै, रात्री १०:१५

अभ्यास लहान आहे पण मन लावून केलेला आहे. सौम्य-मध्यम असेल तर जोडीला जरूर करा. ४१ मधून पाच गेले तरी ३६ उरतात, म्हणून घाटवाट यांना एवढ्यावर थांबता येणार नाही.

सातबारा
१० जुलै, दुपारी २:२५

आम्ही वाशिमकडे राहतो, इकडे प्रश्न वेगळेच. रात्री दोनला लाइट गेली की मशीन बंद, मास्क तोंडावर, घाबरून उठायला होतं. इन्व्हर्टरवर जोडलं, पण ह्युमिडिफायरचा हीटर चालू असेल तर बॅटरी भराभर उतरते. म्हणून उन्हाळ्यात हीटर बंद ठेवतो. पाणी डिस्टिल्डच, बोअरचं एकदा घातलं तर टाकीच्या तळाला पांढरा थर बसला. नळी रविवारी साबणाच्या पाण्यातून काढून दोरीवर सावलीत वाळवायची. पावसाळ्यात वाळत नाही, मग मशीन अर्धा तास नुसतं चालू ठेवतो, हवेनेच वाळते.

सहा वर्षं झाली. मास्कची उशी साधारण आठ महिने पुरवतो, नवी मागवायला खर्च येतो. माझ्या विमा कंपनीने मशीनचे पैसे दिले नाहीत, टेस्टचे दिले.

अबोली
१० जुलै, रात्री ८:४०

विषय मोठ्यांचा आहे, तरी लिहिते. मुलगा पाच वर्षांचा असताना तोंड उघडं टाकून झोपायचा, मान मागे टाकून, घामाने उशी भिजायची. शाळेत पेंगत नव्हता, उलट एका जागी बसत नव्हता, बाई म्हणायच्या हट्टी आहे. टॉन्सिल आणि नाकामागची ॲडेनॉइड वाढलेली निघाली. ती काढल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून शांत झोप. मुलांमध्ये बहुधा पहिला उपाय हाच असतो. घोरणाऱ्या मुलाला ‘गाढ झोपलाय’ म्हणू नका.

आडवाट
११ जुलै, सकाळी १०:००

वजनाच्या इंजेक्शनबद्दल कुणी बोललं नाही. टिर्झेपटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मध्यम ते तीव्र ॲप्निया आणि लठ्ठपणा असलेल्या प्रौढांसाठी मंजुरी मिळाली. या आजाराला मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. चाचणीत सुरुवातीचा एएचआय पन्नासच्या आसपास होता, वर्षभरात सरासरी २५ ते २९ ने उतरला. आपल्याकडे ते मार्च २०२५ पासून मधुमेह आणि वजनासाठी मिळतं. मी स्वतः साडेतीन महिने घेतोय, ११ किलो कमी. मळमळ होते. आणि बंद केलं तर वजन परत येतं, त्यामुळे ‘कायमचं’ या शब्दाचा अर्थ इथेही ‘कायम घेत राहणं’ असाच आहे. डॉक्टरसाहेबांशी वाद घातला खरा, पण त्यांच्या सांगण्यावरून मशीनही परत सुरू केलंय. रात्री साडेपाच तास लावतो.

खानदेशी
२ ऑगस्ट, सकाळी ७:१०

नाककानघसा यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. घरी करायची टेस्ट मागवली, बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाला नळी. एएचआय १७. उताणा झोपलो की ३०, कुशीवर ८. तीन वर्षं मी बरा झालो असं सगळ्यांना सांगत होतो. घोरणं गेलं होतं, श्वास अडकणं गेलं नव्हतं. दुपारी पेंग येते ती मी वयावर ढकलत होतो.

आता पाठीला छोटी उशी शिवलेला बनियन घालून कुशीवर झोपतोय, आणि कोकणकडा यांच्यासारख्या दातांच्या उपकरणाचे साचे दिलेत. शेवंतीताई, तुमच्या यजमानांबद्दल माहीत नसताना बोललो. माफ करा.

शेवंती
२ ऑगस्ट, सकाळी १०:३०

अहो, माफी कसली. टेस्ट केलीत हेच मोठं.

घाटवाट
२४ ऑगस्ट, रात्री १०:०५

सात आठवडे गप्प होतो, कारण वापरून झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

६ जुलैपासून गाडी चालवली नाही, पुण्याला एसटीने जातोय. मशीन खाली उतरवलं आणि कार्ड घेऊन गेलो. नव्या डॉक्टरांनी नोंद पाहिली. दाब रात्रभर १४ वर ठेवलेला होता, मास्क मोठ्या मापाचा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा. ह्युमिडिफायरची पाण्याची टाकी बॅगेच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत तशीच, सील न फोडलेली. आठ महिने मी कोरडी हवा ओढत होतो. नाकाचा पडदा डावीकडे वाकलाय आणि ॲलर्जीची सूज आहे. त्यासाठी स्प्रे दिला. आता फक्त नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क आहे आणि दाब ६ ते १३ मध्ये आपोआप बदलतो.

पहिले नऊ दिवस वाईट गेले. डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली: संध्याकाळी बातम्या बघताना अर्धा तास मास्क लावून नुसतं बसायचं, झोपायचं नाही. मुलगी शेजारी बसून अभ्यास करायची. दहाव्या रात्री पहिल्यांदा सलग पाच तास झाले.

कालपर्यंतचा हिशेब: ३८ पैकी ३५ रात्री लावलं, सरासरी सहा तास दहा मिनिटं, मशीनवरचा एएचआय ३.२. लघवीला तीनदा उठायचो, आता एकदा. बीपी १३८. त्याचं सगळं श्रेय मशीनला नाही, मीठही कमी केलंय. दुपारची पेंग मात्र गेली आहे, ते मला कुणी मोजून सांगायची गरज नाही.

पारंब्या आणि कोकणकडा यांचं वाचून ऑपरेशन आणि उपकरण दोन्ही सध्या बाजूला ठेवलंय. वजन उतरलं तर सहा महिन्यांनी परत टेस्ट, तेव्हा ठरवू.

शेवंती
२४ ऑगस्ट, रात्री १०:४०

वाचून डोळे भरले. वहिनींना विचारलंत का?

घाटवाट
२५ ऑगस्ट, सकाळी ६:३०

विचारलं. म्हणाली, अजून दोन वाजता जाग येते. मोजायला लागते, मग मशीनचा आवाज ऐकू येतो आणि परत डोळा लागतो.

सातबारा, बुधवारी गणपती बसतायत, नंतर चार दिवस गावी जायचंय, तिकडे लाइटचा भरवसा नाही. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर १५० एएचच्या बॅटरीवर रात्र निघेल का?

सातबारा
२५ ऑगस्ट, सकाळी ८:०५

बॅटरी चांगली असेल तर आरामात निघते, माझी दोन रात्री निघते. पंखा आणि टीव्ही त्याच इन्व्हर्टरवर नसू द्या. आणि विस्तव-धूपापासून मशीन लांब ठेवा, मागच्या वर्षी आरतीच्या धुराने माझा फिल्टर दोन दिवसांत काळा पडला होता. एक जादा फिल्टर घेऊन जा.